माळरानावरचा कारखाना

यवतमाळ जिल्हा हा कापसाचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी, पांढरकवडा अशा कोणत्याही गावाकडे जावे, तर वाटेत काळ्याभोर जमिनीचे पट्टे लागतात, आणि हंगामात त्यांवर पांढरी बोंडे फुललेली दिसतात. विसाव्या शतकाच्या आरंभी या कापसासाठी यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंत अरुंद रुळांची आगगाडी सुरू झाली. लोक तिला प्रेमाने 'शकुंतला' म्हणत. या गाडीने रुईच्या गाठी मूर्तिजापूरला जात, तेथून मोठ्या गाडीने मुंबईला, आणि मुंबईहून जहाजाने इंग्लंडच्या गिरण्यांना. या गाडीला पुढे जोडलेले वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टर येथे बांधलेले होते. त्याने सत्तर वर्षांहून अधिक काळ ती गाडी ओढली. १९९४ च्या एप्रिल महिन्यात त्याच्या जागी डिझेलचे इंजिन आले.

या एका गाडीत त्या काळच्या व्यापाराची सारी कहाणी सामावलेली होती. कापूस येथून जाई आणि यंत्र तेथून येई. कापूस पिकवणाऱ्याला थोडे मिळे, यंत्र घडवणाऱ्याला पुष्कळ मिळे. आपल्या देशातील माणसांनी यंत्रे वापरावी, पण ती घडवू नयेत, असाच जणू नियम होता. साध्या शेतकऱ्याच्या उपयोगाचे यंत्र याच देशात, तेही एखाद्या लहानशा खेड्यात तयार होऊ शकेल, असे तेव्हा फार थोड्यांना वाटत असे.

वऱ्हाडातील काळी जमीन वऱ्हाडातच संपत नाही. मराठवाडा ओलांडून ती दक्षिणेस कृष्णेच्या काठापर्यंत पसरलेली आहे. याच काळ्या जमिनीच्या दुसऱ्या टोकाला एका मराठी कुटुंबाने तो नियम मोडून दाखवला. ते कुटुंब म्हणजे किर्लोस्कर कुटुंब होय.

या उद्योगाचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. त्यांचे वडील काशीनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाने शिकून विद्वान व्हावे असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक होते. परंतु लक्ष्मणरावांचे मन शाळेच्या पुस्तकांत रमत नसे. त्यांना दोन गोष्टींचा नाद होता. एक चित्रे काढण्याचा, आणि दुसरा यंत्रे उघडून पाहण्याचा. वडील बंधू रामूअण्णा यांच्या पाठबळाने १८८५ साली ते मुंबईस गेले आणि जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकू लागले. दोन वर्षांनी एक दुःखद गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. काही रंगांमधील भेद त्यांच्या डोळ्यांना नीट कळत नव्हता. ज्याला रंग ओळखता येत नाहीत, त्याने चित्रकार कसे व्हावे?

दुसरा कोणी असता तर निराश होऊन घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंगांची पेटी बाजूला ठेवली, पण पेन्सिल सोडली नाही. यंत्रांच्या आकृत्या काढण्यास रंग लागत नाहीत. तेथे हवी नेमकी रेषा आणि अचूक माप. त्यांनी तो विषय शिकून घेतला आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते तोच विषय शिकवू लागले. तेथील कर्मशाळेत प्रत्यक्ष यंत्रे चालत. शिकवण्याचे काम संपले की ते त्या यंत्रांजवळ उभे राहत, ती कशी चालतात हे पाहत आणि स्वतःच्या हातांनी ती चालवत. पुढे बढतीच्या वेळी त्यांना डावलण्यात आले. तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास परतले.

बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान होते. १८८८ हे वर्ष या उद्योगाच्या आरंभाचे वर्ष मानले जाते. सायकल ही त्या काळी मोठी नवलाईची वस्तू होती. रामूअण्णा ती विकत, आणि घेणाऱ्याला ती चालवण्यासही शिकवीत. दुकान चालले होते. परंतु परदेशी वस्तू आणून विकणे एवढ्याने लक्ष्मणरावांचे समाधान होईना. स्वतः काही घडवावे अशी त्यांची तळमळ होती. त्यांनी प्रथम जनावरांचा कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. त्यानंतर त्यांचे लक्ष नांगराकडे वळले.

लाकडी नांगर आणि लोखंडी नांगर यांत काय अंतर आहे, हे येथे समजून घेतले पाहिजे. लाकडी नांगराला टोकाशी एक लोखंडी फाळ असतो. तो जमीन चिरत जातो. परंतु चिरलेली माती उलटत नाही. दोन तासांच्या मध्ये न नांगरलेली जमीन तशीच राहते. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल जातात. ती तुटली नाहीत तर पहिल्या पावसाबरोबर पुन्हा वर येतात आणि पिकाचे अन्न खातात. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे एक वाकवलेला पत्रा असतो. फाळाने कापलेली मातीची पट्टी त्या पत्र्यावर चढते आणि बाजूला उलटी पडते. खालची माती वर येते, तिला ऊन लागते. वरचे गवत खाली गाडले जाते आणि कुजून त्याचे खत होते. एका वेळच्या नांगरटीत दोन कामे होतात.

असा गुणाचा नांगर लोकांनी तत्काळ घ्यावा, असे आपल्याला वाटेल. परंतु तसे घडले नाही. लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी समजूत पुष्कळ शेतकऱ्यांच्या मनात होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. तयार नांगर समोर पडून आहेत, लावलेले पैसे त्यांत अडकले आहेत आणि घेणारा कोणी येत नाही, अशा स्थितीत दोन वर्षे काढणे ही साधी गोष्ट नव्हे.

शेतकऱ्याच्या या नकारामागे केवळ भोळी समजूत होती असे म्हणणे मात्र न्यायाचे होणार नाही. त्याच्या जागी उभे राहून विचार केला पाहिजे. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो दुरुस्त करी. फाळ झिजला तर गावचा लोहार त्याला धार लावी. सुगीच्या वेळी दोघांना धान्याचे बलुते दिले की काम भागे. लोखंडी नांगर ऐन पेरणीच्या तोंडावर मोडला, तर तो कोणी सांधावा? त्याचा तुकडा कोठून आणावा? शेतकऱ्याच्या वर्षाचा सारा भरवसा मृगाच्या चार दिवसांवर असतो. ते दिवस चुकले तर पुढे वर्षभर त्याला भोगावे लागते. म्हणून जो कारखानदार शेतकऱ्याला नांगर विकू इच्छितो, त्याने लोखंडाबरोबर भरवसाही विकला पाहिजे. नांगर चांगला असला पाहिजे, आणि तो मोडला तर त्याचा सुटा भाग मिळाला पाहिजे. किर्लोस्करांनी हे ओळखले. शेतात नांगर चालवून पाहावा, त्यात काय उणे आहे ते शोधावे आणि पुढचा नांगर सुधारावा, हाच त्यांचा क्रम झाला.

नांगराचे भाग ओतीव लोखंडाचे असतात. ते तयार करण्यासाठी प्रथम हव्या त्या भागाचा लाकडी नमुना करतात. ओलसर वाळूत तो दाबून काढून घेतला की वाळूत त्याच आकाराची पोकळी राहते. भट्टीत वितळलेले लोखंड त्या पोकळीत ओततात. ते निवले की वाळू मोडून भाग बाहेर काढतात, घासतात आणि जोडतात. फाळाच्या टोकासाठी ओतकामात एक युक्ती करतात. साच्यात टोकाच्या जागी वाळूऐवजी थंड लोखंडाचा तुकडा ठेवतात. तापलेला रस त्याला लागताच एकदम गार होतो आणि तेवढा भाग अतिशय कठीण बनतो. उरलेला भाग वाळूत सावकाश निवतो, त्यामुळे तो तितका ठिसूळ राहत नाही. टोक लवकर झिजत नाही, आणि धक्क्याने फाळही सहजी मोडत नाही. एवढ्याशा फाळातही किती विचार साठवलेला असतो, हे यावरून दिसून येईल.

नांगरांचा धंदा हळूहळू मूळ धरू लागला होता, इतक्यात नवे संकट उभे राहिले. बेळगावात नवी वसाहत वसवायची होती, आणि त्यासाठी कारखान्याने आपली जागा सोडावी असा हुकूम झाला. भट्टी, यंत्रे, तयार माल आणि माणसे यांना घेऊन जावे तरी कोठे?

या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी साहाय्य केले. हे राजे स्वतः चित्रकार होते आणि लक्ष्मणरावांचे गुण ते जाणून होते. त्यांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळ ३२ एकर जागा देऊ केली आणि बिनव्याजी दहा हजार रुपयेही दिले. १९१० साली किर्लोस्कर मंडळी तेथे आली. जागा मिळाली खरी, पण ती होती उजाड माळरान. जिकडे पाहावे तिकडे निवडुंग माजलेला, आणि त्याच्या जाळीत नागांची वस्ती. पाणी नाही, सावली नाही, राहण्यास घर नाही. रेल्वे मात्र जवळ होती. लोखंड व कोळसा आणण्यास आणि नांगर दूरदूर पाठवण्यास तिचा उपयोग होणार होता. माळ पाहताना लक्ष्मणरावांच्या मनापुढे निवडुंग नव्हता, रेल्वेचे रूळ होते, असे म्हटले तरी चालेल.

सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे त्यांच्याबरोबर होती. सर्वांनी मिळून निवडुंग तोडला, जमीन सपाट केली, छपऱ्या उभारल्या. प्रत्येकाने आपल्या अंगच्या गुणाप्रमाणे काम उचलले. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि व्यवस्था पाहिली. मंगेशराव रेगे यांनी हिशेब सांभाळले. शंभूराव जांभेकर हे आणखी एक जिवलग सहकारी होते. अनंतराव फळणीकर यांचे शिक्षण अर्धवट सुटले होते. परंतु पुढे ते कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावाजले गेले. माणसाजवळ कोणती पदवी आहे हे न पाहता त्याच्या हातात कोणती कला आहे हे पाहावे, ही लक्ष्मणरावांची रीत होती. माणसाच्या चांगुलपणावरही त्यांचा गाढ विश्वास होता. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना त्यांनी कारखान्याच्या रात्रीच्या राखणीचे काम दिले. ज्यांच्या भीतीने लोक दारे लावून घेत, तेच दारांचे रक्षक झाले. त्यांनी तो विश्वास सार्थ केला.

काही वर्षांतच माळाचे रूप पालटले. कारखान्याबरोबर कामगारांसाठी घरे झाली, रस्ते झाले, शाळा निघाली, झाडे वाढली. अस्पृश्यता या वसाहतीत पाळू नये असा लक्ष्मणरावांचा कटाक्ष होता. गावाला किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले, आणि पुढे रेल्वे स्थानकाचे नावही तेच झाले. आज हे गाव सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात आहे.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशातून येणारे लोखंड, कोळसा आणि रंग मिळेनासे झाले. नांगराला मागणी होती, पण नांगर करायचा कशाचा? या अडचणीच्या काळात कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी आपल्या राज्यातील जुन्या, निकामी झालेल्या तोफा या कारखान्याला दिल्या. ज्या तोफांनी एके काळी आग ओकली, त्या भट्टीत वितळल्या आणि नांगर होऊन शेतात गेल्या. लोखंड तेच, पण पूर्वी ते रणभूमीवर होते, आता ते पेरणीच्या कामाला लागले.

युद्ध संपले आणि १९२० साली या उद्योगाची 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड' ही कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' या नावाचे एक पत्र काढले. कारखान्याच्या मालाची माहिती लोकांना द्यावी एवढाच त्याचा पहिला हेतू होता. परंतु शंकरराव स्वतः चित्रकार व लेखक होते. त्या पत्राचे पुढे 'किर्लोस्कर' हे मासिक झाले, आणि १९३० साली 'स्त्री' व १९३४ साली 'मनोहर' ही मासिके त्याच्या जोडीला आली. नांगर घडवणाऱ्या खेड्यातून निघालेली ही मासिके महाराष्ट्रातील घराघरांत वाचली जाऊ लागली. एका माळावरून जमीन नांगरण्याचे आणि मने नांगरण्याचे अशी दोन्ही कामे चालली होती.

कारखान्यातील वस्तूही वाढत गेल्या. उसाचे चरक आणि भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे तयार होऊ लागली. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेत यांत्रिक अभियांत्रिकी शिकले आणि १९२६ साली परत आले. त्याच सुमारास कारखान्यात पाणी उपसण्याचे पंप तयार होऊ लागले. या पंपाच्या पोटात पाती असलेले एक चाक वेगाने फिरते. त्या वेगाने पाणी बाहेरच्या कडेकडे फेकले जाते आणि नळातून वर चढते. मध्यभागी त्याची जागा रिकामी होते, आणि ती भरून काढण्यास विहिरीतील पाणी धाव घेते. मोटेवर बैलजोडी दिवसभर राबून जे पाणी काढी, ते पंप थोड्या वेळात काढू लागला. शेतकऱ्याच्या दोन मोठ्या गरजा, नांगरट आणि पाणी, या दोन्हींसाठी आता त्याच्याच मुलखात घडलेले यंत्र उपलब्ध झाले.

१९३० च्या सुमारास जगभर मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले, आणि ज्याच्या हाती पैसा नाही तो शेतकरी नांगर कोठून घेणार? अशा वेळी कामगारांना घरी न बसवता कारखान्याने लोखंडी खुर्च्या, टेबले व इतर सामान तयार करण्यास आरंभ केला. जे हात नांगर घडवीत होते, तेच हात खुर्च्या घडवू लागले, आणि कारखाना तगला.

सर्वांत कठीण प्रसंग १९४८ साली आला. महात्मा गांधींच्या हत्येनंतर महाराष्ट्रात अनेक ठिकाणी संतापाचा भडका उडाला. त्यात किर्लोस्करवाडीलाही आग लावण्यात आली. ज्या माणसांचा त्या हत्येशी काही संबंध नव्हता, त्यांच्या कष्टाचे फळ जळाले. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. अडतीस वर्षांपूर्वी ज्या माळावर निवडुंग तोडून छपऱ्या उभ्या केल्या होत्या, तेथे आता राख होती. परंतु इमारत जळाली तरी काम जाणणारे हात जळाले नव्हते. कामगार आणि चालक यांनी मिळून कारखाना पुन्हा उभा केला.

तोपर्यंत या कुटुंबाचे उद्योग किर्लोस्करवाडीबाहेरही पसरू लागले होते. १९४६ साली पुण्यास तेलावर चालणारी इंजिने करणारा आणि बंगळूरला विजेची यंत्रे करणारा असे दोन नवे उद्योग निघाले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने, भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. पुढील पिढ्यांत कुटुंबाच्या शाखा वेगवेगळ्या झाल्या आणि त्यांचे उद्योगही वेगवेगळे चालू लागले. किर्लोस्करवाडीचा कारखाना मात्र अजून चालू आहे. नांगराची जागा आता पंपांनी घेतली आहे.

कापूस पिकवणारी काळी जमीन यवतमाळास आहे. वणीच्या परिसरात कोळसा आहे, चुनखडीही आहे. कुंडलच्या माळावर यांपैकी काहीच नव्हते. लोखंड बाहेरून आणावे लागे, कोळसा बाहेरून आणावा लागे. जवळ होता तो केवळ रेल्वेचा रूळ. तरीही तेथे कारखाना उभा राहिला. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कारखान्यास भांडवल लागते, कच्चा माल लागतो, यंत्रे लागतात. परंतु या सर्वांच्या आधी लोकांची नड ओळखणारी दृष्टी लागते. नंतर लागते ती चिकाटी, दोन वर्षे एकही नांगर विकला गेला नाही तरी पुढचा नांगर अधिक चांगला करणारी. आणि शेवटी लागतो तो एकमेकांवरील विश्वास: मालकाचा कामगारावर, कामगाराचा मालकावर आणि घेणाऱ्याचा घडवणाऱ्यावर. हे तीन गुण कोणत्याही गावच्या मातीत उगवू शकतात. ते जेथे उगवतात, तेथील निवडुंगाच्या माळावरही यंत्रांचा नाद घुमू लागतो.